नव्या मदतनिसांना काय शिकवायचं, आणि ते हातात उतरलं की नाही हे कसं तपासायचं? (बौद्धिक अक्षमता, निवासी केंद्र, नाशिक)

कॉलेजरोडकर

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडच्या पुढे एक निवासी केंद्र आहे, तिथल्या नियोजनासाठी धागा काढतोय. बौद्धिक अक्षमता असलेले २६ प्रौढ, वयं १९ ते ५४. काहींना जोडीला फिट्स, तिघं व्हीलचेअरवर, काहींना स्वमग्नता. अकरा ते चार कार्यशाळा चालते: कागदी पिशव्या, फाइली, दिवाळीला पणत्या आणि उटणं. पुढच्या महिन्यात आठ नवीन मदतनीस रुजू होतायत. बहुतेक आठवी-दहावी शिकलेले, दोन मावश्या आधी हॉस्पिटलात आया होत्या.

विश्वस्तांचं म्हणणं असं की दोन दिवस हॉल घ्यावा, तज्ज्ञांची व्याख्यानं ठेवावीत, शेवटी प्रमाणपत्र द्यावं. मला त्याच्या उपयोगाबद्दल शंका आहे. काय शिकवायचं, कुठल्या क्रमाने, आणि तपासायचं कसं, हे नेमकं लिहा. 'माया लावा, संयम ठेवा' हे भाषण पाठ आहे, ते सोडून.

पाटी_पेन्सिल

हॉल रद्द करा. त्या पैशात एका जाणत्या मावशीला दोन आठवडे रोजच्या कामातून मोकळं करा आणि नव्यांबरोबर फिरवा. व्याख्यानाने माहिती वाढते, पण हाताची सवय बदलत नाही. या क्षेत्रातल्या कर्मचारी प्रशिक्षणाच्या अभ्यासांतून हे वारंवार दिसलंय. बदल घडतो तो चार गोष्टी एका दमात झाल्या तर: थोडक्यात सांगा, करून दाखवा, त्यांच्याकडून करवून घ्या, आणि तिथल्या तिथे काय जमलं नि काय चुकलं ते सांगून पुन्हा करवून घ्या. याला 'बिहेवियरल स्किल्स ट्रेनिंग' म्हणतात. यातली तिसरी आणि चौथी गोष्टच नेमकी वगळली जाते, कारण तिला वेळ लागतो आणि तिचा फोटो चांगला येत नाही.

दात घासण्याचं उदाहरण घ्या. मावशीच्या दृष्टीने ते एक काम. उलगडून मांडलं तर पंधरा-सोळा पायऱ्या होतात: ब्रश उचलणं, नळ सोडणं, ब्रश ओला करणं, नळ बंद करणं, पेस्टचं टोपण काढणं, वाटाण्याएवढी पेस्ट घेणं, टोपण लावणं, डावीकडचे दात बाहेरून, उजवीकडचे, समोरचे, मग आतून, मग दाढांचा वरचा भाग, थुंकणं, चूळ, ब्रश धुऊन जागेवर ठेवणं, तोंड पुसणं. आता प्रत्येक माणसासाठी प्रत्येक पायरीपुढे एक अक्षर लिहायचं. 'स्व' म्हणजे स्वतः, 'सां' म्हणजे एकदा सांगितल्यावर, 'खू' म्हणजे खूण केल्यावर, 'दा' म्हणजे करून दाखवल्यावर, 'हा' म्हणजे हात धरून. एखाद्याला फक्त टोपणच निघत नाही आणि तेवढ्यासाठी मावशी सगळे दात घासून देत असते. कागदावर अक्षरं पडली की हे लगेच दिसतं.

मदत वाढवायची ती याच क्रमाने, एकेक पायरी. मध्ये मनात दहापर्यंत मोजायचं. सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा: "घे. घे ना. अरे घे की!" याने माणूस एवढंच शिकतो की चौथ्या हाकेपर्यंत हलायची गरज नसते. सूचना एकदाच द्यायची, पुढची पायरी खुणेची. जिथे चुकणं धोक्याचं आहे (गरम पाणी, सुरी, शिलाई मशीन) तिथे मात्र उलटा क्रम. आधी हात धरून आणि मग हळूहळू मदत काढून घेत जायची.

कपड्यांसाठी शेवटाकडून सुरुवात करा. पँट गुडघ्यावरून मांडीपर्यंत मावशी आणेल, कमरेवर ओढायची शेवटची ओढ त्याची. ती पक्की झाली की त्याच्या आधीची पायरी त्याला द्यायची. काम पुरं झाल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याच्या वाट्याला येतो, आणि म्हणून टिकतो.

आता मदतनिसाच्या शिकण्याबद्दल. तीन-चार जणांची तुकडी, त्याहून मोठी नको. पाच मिनिटं सांगणं, तेही चित्रांच्या एका पानावर. मग दाखवणं. मग मदतनिसांनी एकमेकांवर सराव करायचा, त्यातला एक मुद्दाम अडून बसणारा. मग प्रत्यक्ष मोरीवर. तपासायची यादी आठ-दहा ओळींची असावी: नावाने हाक मारली का, समोर उभं राहून बोललं का, सूचना एकदाच दिली का, थांबलं का, जे येतं ते करू दिलं का, दार लोटलेलं होतं का… दोन वेगवेगळ्या माणसांबरोबर, लागोपाठ दोनदा सगळ्या ओळी बरोबर आल्या की ते काम एकटीने करायची मुभा. आठवड्याने आणि महिन्याने न सांगता पुन्हा तपासणी. महिन्यानंतरची तपासणी चुकवू नका, घसरण तिथेच कळते.

रात्रपाळी

कागदावर झकास. आता हिशेब बघा. साडेसहा ते साडेआठ, म्हणजे १२० मिनिटं, दोन मावश्या, तेरा जणांच्या आंघोळी. माणशी वाट्याला अठरा मिनिटं. त्यात अंथरूण ओलं झालेले दोन-तीन असतातच. दहापर्यंत मोजत बसलं तर नाश्ता दुपारी होईल. पहिल्या आठवड्यात शिकवलेलं सगळं दुसऱ्या आठवड्यात 'दे इकडे, मी घालते' वर येतं. मावशीचा दोष नाही यात, घड्याळाचा आहे.

पाटी_पेन्सिल

मान्य, म्हणूनच सगळ्यांना सगळं शिकवायला जायचं नाही. सकाळच्या घाईत माणशी एकच पायरी 'त्याची' ठरवायची. याचं टोपण, हिचं शेवटचं बटण, त्याचा टॉवेल. बाकी खुशाल मदत करा. पायऱ्यांचा खरा सराव दुपारी चारनंतर, जेव्हा मावश्या टीव्हीखाली कपड्यांच्या घड्या घालत असतात आणि शेजारी सातजण रिकाम्या हातांनी बसलेले असतात. त्या घड्या त्यांच्याबरोबर घालायच्या. मटार सोलणं, ताटं मांडणं, झाडांना पाणी देणं, सगळं तसंच.

ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकापासून 'ॲक्टिव्ह सपोर्ट' नावाने ही पद्धत घडत गेली. केंट विद्यापीठातले जिम मॅन्सेल आणि ज्युली बीडल-ब्राऊन यांचं त्यात मोठं काम आहे. त्यातलं सूत्र आपल्याकडे जसंच्या तसं लागू पडतं: थोडं थोडं, पण वारंवार. एकाने पूर्ण पोळी लाटायची नाही, गोळा करून द्यायचा; तोही दोन मिनिटं करून कंटाळला तर उठू द्यायचं, वीस मिनिटांनी परत बोलवायचं.

घास_घोट

वाचनखूण साठवली. पण क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे. दात आणि कपडे दुसऱ्या आठवड्यात घ्या. पहिल्या दिवशी, मदतनिसाच्या हातात चमचा जायच्या आधी, भरवणं शिकवा. बाकी चुका सुधारता येतात, घास श्वासनलिकेत गेला तर वेळ हातात नसतो.

बसणं: पाठ सरळ, कंबर खुर्चीच्या मागच्या टोकाला टेकलेली, पाय लोंबकळते नकोत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून घास घालणं हा सगळ्यांत धोकादायक प्रकार, आणि उभं राहून भरवलं की तो आपोआप होतो, कारण माणूस वर बघतो. म्हणून पहिला नियम: भरवणारी व्यक्ती बसलेली असेल, तिचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला.

चमचा: लहान, अर्धा भरलेला, समोरून आणि थोडा खालून न्यायचा. ओठ मिटेपर्यंत थांबायचं. वरच्या दातांवर घासून रिकामा करायचा नाही. गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली म्हणजे गिळलं, मगच दुसरा घास. घास तोंडात असताना प्रश्न विचारायचा नाही. कोरडा घास पाण्याने ढकलायचा नाही; पातळ पाणी हे घट्ट वरण-भातापेक्षा गिळायला अवघड असतं, हे बहुतेकांना पटतच नाही. जेवणानंतर निदान अर्धा तास बसतंच ठेवायचं.

लक्षणं: जेवताना वारंवार खोकला, डोळ्यांत पाणी, जेवणानंतर आवाज ओलसर घोगरा, गालात साठवलेलं अन्न, सारखा छातीचा संसर्ग, न कळत उतरणारं वजन. यातलं काहीही दिसलं तर गिळण्याची तपासणी वाक्-उपचार तज्ज्ञाकडून. पाणी किती घट्ट करायचं हे त्यांनीच ठरवायचं, स्वयंपाकघराने नव्हे.

नाशिकसाठी दोन खास सूचना. पहिली द्राक्षं. जानेवारी ते एप्रिल देणगीदार क्रेटच्या क्रेट आणून ठेवतात. अख्खं द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि दाबलं जाणारं असतं, ते श्वासनलिकेच्या तोंडाशी बुचासारखं बसतं. उभं चिरून चार भाग करायचे. आडवं अर्धं केलं तर ते गोलच राहतं. बिनबियांचं आहे म्हणून सुरक्षित, हा गैरसमज आहे. दुसरी मिसळ. रविवारी वाढदिवसाची मिसळ येते. पातळ तिखट रस्सा, त्यात कडक फरसाण, वर पाव. पातळ आणि कडक एकाच घासात आले की रस्सा आधी घशात उतरतो, फरसाण अजून तोंडातच असतं. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांच्यासाठी मटकी कुस्करून, रस्सा घट्ट करून, फरसाण वगळून, भाताबरोबर. पावाचा ओला गोळा टाळूला चिकटतो, म्हणून तोही नको.

मऊ जेवणाची चाचणी: तुकडा दीड सेंटिमीटरहून मोठा नको. काट्याने इतका दाबा की अंगठ्याचं नख पांढरं पडेल. तुकडा चेपला आणि पुन्हा फुगला नाही तर ठीक.

घास अडकला तर: जोरात खोकतोय तोवर खोकू द्या, पाणी पाजू नका, तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. खोकला-आवाज बंद झाला तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा, मग बेंबीच्या वर पाच झटके, आलटून पालटून. दुसऱ्याने तोवर १०८. बेशुद्ध पडला तर जमिनीवर आडवा करून छातीदाब, ३० दाब आणि २ श्वास. हे पुतळ्यावर करून घ्या, नुसतं सांगून काडीचा उपयोग नाही.

सराव म्हणाल तर मदतनिसांनी एकमेकांना दहीभात भरवावा, खाणाऱ्याचे डोळे बांधलेले. एकदा मुद्दाम घाईने, एकदा रीतीने. पंधरा मिनिटांत समजतं.

पांढरा_ॲप्रन

घास_घोट, सहमत. त्याच पहिल्या दिवशी फिटचंही घ्या. बौद्धिक अक्षमता असलेल्यांत साधारण पाचातल्या एकाला फिट्सचा आजार असतो, म्हणजे तुमच्या २६ जणांत चार-सहा जण धरून चाला.

फिट आली की आधी घड्याळ बघायचं. चष्मा काढा, गळ्याशी सैल करा, डोक्याखाली काहीतरी मऊ, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला. हातपाय धरून ठेवायचे नाहीत. दातांत चमचा घालायचा नाही. कांदा, चप्पल, काहीही हुंगवायचं नाही. झटके थांबले की कुशीवर वळवा, लाळ बाहेर येऊ द्या, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही नाही. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, किंवा आयुष्यातली पहिलीच असली, पाण्यात आली, डोक्याला लागलं, श्वास नीट नाही, तर १०८. नाकात फवारायचं मिडॅझोलॅम (फिट थांबवणारं औषध) डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर कोणाला, किती फवारे, कितव्या मिनिटाला, हे त्या माणसाच्या पानावर मोठ्या अक्षरात हवं आणि औषध कुलपाच्या कपाटात अडकलेलं नको. फिट्स असलेल्यांची आंघोळ स्टुलावर बसून, दाराला आतून कडी नाही.

औषधं. मुंबई-पुण्याच्या संस्थांत बघून लोक सगळ्या गोळ्या रंगीत डब्यांत काढून ठेवतात. पट्टीतून सुटी केलेली गोळी म्हणजे नाव, ताकद, मुदत सगळं गेलं. पट्टीतच ठेवा, प्रत्येकाचा फोटो लावलेला वेगळा ट्रे. देताना पाच गोष्टी: माणूस तोच, औषध तेच, मात्रा तीच, वेळ तीच, देण्याची रीत तीच. सही गिळल्यावर, आधी नाही. आठ जणांच्या सह्या आधीच ठोकून मग वाटप, हे जिथे दिसेल तिथे एखादी गोळी उशीखाली सापडणारच. फिटची गोळी अचानक बंद पडणं फार महागात जातं. सात दिवसांचा साठा उरला की नवी मागणी. व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाच्या 'हळूहळू सुटणाऱ्या' गोळ्या कुटून द्यायच्या नाहीत, गिळता येत नसेल तर डॉक्टरांकडून पातळ औषध लिहून घ्या.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ती. शांत असणारा माणूस अचानक डोकं आपटायला लागला, जेवेना, गालावर मारून घेऊ लागला, की सगळे म्हणतात 'वागणूक बिघडली'. आधी दात बघा, कान बघा, पोट बघा. प्रत्येकाच्या फाइलीत एक पान हवं: नेहमी कसा असतो, आणि दुखलं की कसा होतो. शीची नोंदवही रोज. तीन दिवस शी नाही तर नर्सला सांगायचं. बद्धकोष्ठ फार झालं की कडेने पातळ पाणी झिरपतं आणि मावशी समजते जुलाब लागले. तिने थांबवायची गोळी दिली की पंचाईत. मनोविकाराच्या कित्येक गोळ्यांनी पोट जड होतं, तेव्हा औषध बदललं की नोंदवही जास्त बारकाईने.

डाऊन सिंड्रोम असलेल्यांसाठी थायरॉईड दरवर्षी. चाल बदलली, मान कलती झाली, लघवीवरचा ताबा गेला, तर मानेच्या मणक्यांसाठी तातडीने डॉक्टर. चाळिशीनंतर विसरायला लागले तर स्मृतिभ्रंश असू शकतो, पण आधी थायरॉईड, कान, डोळे तपासून घ्यायचे.

आणि थंडी. नाशिकात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, गीझर पूर्ण चढवलेला असतो. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलटं नको. हात कोपरापर्यंत बुडवून बघायचं. बोटांना सवय झालेली असते. भाजलं तरी काहीजण ओरडत नाहीत.

सातपूरकर_दादा

+१. कोपराची गोष्ट दारावर चिकटवतो. एक शंका: चांगलं काम केलं की बिस्किट द्यायची पद्धत सगळीकडे आहे. चालू ठेवायची का?

अबकड

बिस्किटाला माझा विरोध दोन कारणांनी: एक तर वजन आणि मधुमेह, दुसरं म्हणजे बिस्किट संपलं की काम संपतं. कोणाला काय आवडतं याची यादी करा. कोणाला रेडिओवरचं गाणं, कोणाला गेटपर्यंत फेरी, कोणाला पणतीवर शेवटचा रंगाचा ठिपका. आणि ते लगेच द्यायचं, संध्याकाळी नाही.

वागणुकीच्या प्रश्नांबद्दल सविस्तर लिहितो. नोंदवहीत 'आज फार चिडला, त्रास दिला' असं लिहिलेलं असतं. याचा काही उपयोग नाही. तीन रकाने करा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. मधल्या रकान्यात फक्त कॅमेऱ्यात दिसेल ते. 'चिडला' नाही, 'डिंकाचं भांडं भिंतीवर फेकलं' असं. आठवडाभर नोंदी झाल्या की चार कारणांपैकी एक बहुधा वर येतं: लक्ष हवंय, काम टाळायचंय, एखादी वस्तू हवीय, किंवा त्या कृतीचाच आनंद आहे.

समजा, कार्यशाळेत एकजण पिशव्या चिकटवतोय. पुढ्यात शंभर कागदांचा नवा गठ्ठा आला की भांडं उडतं. मदतनीस त्याला "चल, शांत हो" म्हणत व्हरांड्यात नेऊन बसवते. पंधरा मिनिटांनी परत. पुन्हा गठ्ठा, पुन्हा भांडं. तिच्या मते ती शांत करतेय. प्रत्यक्षात भांडं फेकलं की सुट्टी मिळते, हे ती त्याला रोज शिकवतेय. व्हरांडा वाईट नाही, तो भांडं फेकायच्या आधी मिळायला हवा. गठ्ठा पाच कागदांचा करा. टेबलावर 'सुट्टी'चं चित्रकार्ड ठेवा. पाच कागद झाले की मदतनिसाने त्याचा हात धरून कार्ड उचलायला लावायचं आणि ताबडतोब दोन मिनिटं व्हरांडा. सुरुवातीला कार्ड उचललं की दर वेळी सुट्टी, एकदाही 'आत्ता नाही' नको. हे पक्कं झाल्यावर पाचाचे आठ, आठाचे बारा.

फसतं कुठे, तर पाळीबदलात. सकाळची ताई कार्ड मानते, दुपारचे दादा म्हणतात "नाटकं करतोय". मग कार्ड निकामी आणि भांडं आधीपेक्षा जोरात, कारण जुना उपाय चालेनासा झाला की माणूस तोच आणखी जोर लावून करून बघतो. त्या जोराच्या दोन-चार दिवसांत कर्मचारी घाबरून हार मानतात. हे आधीच सांगून ठेवा: वाढेल, मग उतरेल, पण सगळ्यांनी एकसारखं वागलं तरच.

धरून ठेवण्याबद्दल: पालथं पाडून पाठीवर बसणं किंवा गुडघा देणं कदापि नाही, श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. अंगावर कोणी आलं तर बाजूला सरकायचं, बाकीच्यांना खोलीबाहेर न्यायचं, कमी बोलायचं, एकानेच बोलायचं. जेवण बंद, खोलीत कोंडणं या शिक्षा नाहीत, गुन्हे आहेत.

अजून एक, कारण कुठेच शिकवलं जात नाही. 'हो' वर विश्वास ठेवू नका. "पोट दुखतंय का?" हो. "दुखत नाहीये ना?" तरीही हो. पर्याय दिले तर बरेचजण शेवटचा शब्द उचलतात. म्हणून क्रम उलटा करून पुन्हा विचारा; उत्तर तेच आलं तर धरा. शक्य असेल तर वस्तूच समोर ठेवा: पोहे की उपमा हे दोन वाट्या दाखवून.

त्र्यंबकनाका

अबकड यांच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदाला कायद्याची जोड देतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ९२: ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून अन्न-पाणी नाकारलं, किंवा चारचौघांत मुद्दाम अपमान केला, तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. मदतनिसांना कलमं पाठ करून घेऊ नका, ही एक ओळ मात्र वाचून दाखवा. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीवर लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांत कळवणं बंधनकारक आहे. संस्थेचं नाव जाईल म्हणून दाबणं हाही गुन्हा. प्रौढांच्या बाबतीतही आधी 'आपण आपसात चौकशी करू' हा प्रकार नको. पुरावा धुतला जातो, शब्दशः. म्हणून आंघोळ, कपडे बदलणं आधी नाही.

आंघोळ-शौचाला शक्यतो त्याच लिंगाची व्यक्ती, दार लोटलेलं, दोनशे फूट कॉरिडॉरभर हाका नकोत. आंघोळीआधी 'आता शर्ट काढतो' असं सांगून मगच हात लावायचा. देणगीदारांबरोबरचे फोटो मदतनिसाच्या फोनमधून व्हॉट्सॲप गटावर टाकायचे नाहीत, मग माणूस कितीही हसरा दिसत असो.

प्रमाणपत्राचं विश्वस्तांना स्पष्ट करा: तुमचं कागदी प्रमाणपत्र ही भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता नव्हे. तिला १९९२च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला, विशेष शिक्षकांची नोंदणी तिच्याकडे असते. काळजीवाहकांसाठी नॅशनल ट्रस्टची (बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता वगैरे असलेल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) 'सहयोगी' योजना आहे. त्याच ट्रस्टच्या निरामय आरोग्यविम्याचे (एक लाख रुपयांपर्यंत) फॉर्म कुठे असतात, पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती, हे मदतनिसाला नाही पण पर्यवेक्षकाला माहीत हवं. रहिवाशांच्या मूल्यमापनासाठी सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेच्या (स्थापना १९८४, आता एनआयईपीआयडी) तपासयाद्या वापरा, स्वतःच्या बनवत बसू नका.

सिंहस्थ २०२७मध्ये आहे हेही आत्ताच धरा. पर्वणीच्या दिवसांत पंचवटी-द्वारका भागातून व्हॅन निघेल असं गृहीत धरू नका. औषधाचा साठा वाढवा, बाहेर नेणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्याच्या आतल्या बाजूला केंद्राचा फोन नंबर शिवा. गळ्यातलं कार्ड गर्दीत पहिल्यांदा तुटतं.

कॉलेजरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, विश्वस्तांना हा धागाच छापून देतो. दोन प्रश्न उरले. तपासणी कोण करणार, मी एकटाच आहे. आणि रात्रपाळीच्या दोघांना वेगळं काही?

पाटी_पेन्सिल

तपासणी पाळीप्रमुखाने. मदतनिसांच्या आधी त्यांना शिकवा, नाहीतर तेच नव्यांना सांगतील "वर्गातलं सोडा, इथे असं करतात". प्रत्येक मदतनिसाला आठवड्यातून दहा मिनिटं बघायचं. दर मिनिटाला दोन खुणा: समोरचा माणूस काही करतोय का, आणि मदतनीस त्याला मदत करतेय की त्याच्याऐवजी करतेय. दहापैकी दोन-तीन मिनिटंच 'करतोय' आलं तर हजेरीपटावरच्या प्रशिक्षणाच्या सह्यांना अर्थ नाही.

बघून झालं की तिथेच, बाजूला घेऊन. "छान केलंस" याने काही कळत नाही. "तू ताट त्याच्या उजव्या हाताला ठेवलंस, म्हणून त्याने स्वतः चमचा उचलला" असं. मग एकच चूक, ती करून दाखवायची, तिच्याकडून करवून घ्यायची. तीन चुका एकदम सांगितल्या तर एकही सुधारत नाही. रहिवाशांसमोर रागावणं तर नकोच; दुपारपर्यंत तोच सूर ती त्यांच्याशी लावते.

रात्रपाळी

रात्रीचं मी सांगतो. रात्रपाळीचं प्रशिक्षण रात्रीच, दिवसा बोलावून नाही. झोपेतली फिट आवाजावरून कशी ओळखायची, व्हीलचेअरवाल्यांना दर दोन तासांनी कूस कशी बदलायची (ओढायचं नाही, खाली चादर घालून सरकवायचं, नाहीतर त्वचा सोलते), ओलं अंथरूण बदलताना बाकीच्यांना न उठवता टॉर्चचा उजेड कुठे धरायचा. सकाळच्या पाळीला तोंडी निरोप नाही; कोण किती झोपलं, कोणाला काय झालं, हे वहीत, पंधरा मिनिटांच्या सामाईक वेळेत वाचून दाखवायचं.

आगीची तालीम रात्री दोघांच्याच बळावर करा. २६ जणांची तीन गटांत यादी दाराजवळ: स्वतः चालत येणारे, हात धरून येणारे, उचलून किंवा चादरीवरून ओढत न्यावे लागणारे. चौथा गट सगळे विसरतात: घंटा वाजली की कान झाकून पलंगाखाली जाणारे. त्यांना घंटेची सवय दिवसा, कमी आवाजात, आधीपासून लावावी लागते. मागच्या दाराला कुलूप असेल तर चावी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको, दोघांच्याही कमरेला एकेक हवी. आणि ती त्याच कुलपाची आहे ना, हे पाळी घेताना दर रात्री फिरवून बघायचं.